निळ्या दोऱ्याची शिवण

माझी थोरली बहीण मिंडा हळू बोलायला कधी शिकलीच नाही. भाताच्या खाचरात ती हसली की नदीपलीकडच्या बायका वाकलेल्या पाठी सरळ करून बघायच्या. गुलामीत जन्मली, मुकादमाच्या फटक्यांखाली वाढली, पण आवाज तिने कुणाला दाबू दिला नाही. त्याच मिंडाला आयुष्यातली ऐन चार वर्षं तोंडाला कुलूप लावून काढावी लागली. ते कुलूप कुणा मालकाने घातलेलं नव्हतं, म्हणून मला अजून जास्त राग येतो.

तिचा नवरा टायटस अगदी उलटा. मेजर हॉलोवेच्या वाडीवर तो उघाड्या राखायचा. भरतीला नदीचं पाणी खाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, त्या लाकडी झडपा त्याच्या हातात. दिवसभर पाण्याचा आवाज ऐकणारा माणूस, त्याला माणसांचा आवाज फारसा लागायचा नाही. मी मिंडाला म्हणायचे, "तुमच्या घरात दोघांचं बोलणं एकटीच करतेस, दमत नाहीस का गं?" तर ती म्हणायची, "त्याच्या वाटचं बोलते ना, म्हणून तर तो जेवतो शांतपणे." पोरं झाली ती जगली नाहीत. घर मेजरच्याच वाडीतलं, त्यात ती दोघं आणि टायटसची आई हेगर. म्हातारी आंधळी, खाटेला खिळलेली. पण कान असे की दारात मांजर आलं तरी विचारायची, कोण आहे.

मिंडाला मताचं एवढं वेड का, हे कळायचं असेल तर बर्डची गोष्ट ऐकली पाहिजे. बर्ड हा मेजरचा मुकादम. उत्तर-दक्षिणेची लढाई संपली, गुलामी उठली, आम्ही सुटलो, पण बर्ड जागेवरच होता आणि त्याची सवयही. एका सकाळी मिंडाला पोहोचायला उशीर झाला म्हणून त्याने तिच्या पाठीत काठी घातली. आधीची मिंडा असती तर पाठ चोळत कामाला लागली असती. ही तडक चालत न्यायाधीशाकडे गेली. आमच्या पुरुषांनी पहिल्यांदा मतं टाकली होती, त्या मतांवर जे सरकार आलं त्याने आमच्यातलाच एक सुतार न्यायाधीश म्हणून बसवला होता. बर्ड आला तो टोपी घालूनच. न्यायाधीश म्हणाला, "टोपी काढा." बर्ड इकडे बघतो, तिकडे बघतो. मग त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

त्याला शिक्षा काय झाली ते मिंडाने कधी नीट सांगितलंही नाही. टोपीचं मात्र ती मरेपर्यंत सांगत होती. "सेली," ती मला म्हणायची, "त्याचं टक्कल पडलंय गं! इतकी वर्षं मारत होता, मला माहीतच नव्हतं. तिकडे चिठ्ठी पेटीत पडते, म्हणून इकडे टोपी उतरते. कळलं का तुला मत म्हणजे काय?"

बायकांना मत नव्हतं. पण आमच्याकडे ते एकट्या पुरुषाचं आहे असं कुणी मानतच नव्हतं. कुणाला मत द्यायचं ते प्रार्थनाघरात ठरायचं, आणि तिथे बायकाही हात वर करायच्या, भांडायच्याही. प्रत्येक पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून आधीच वाटायचा; पुरुष फक्त आमची सांभाळून पेटीपर्यंत न्यायचा. एखाद्याने वाटेत डगमगून मालकांच्या पक्षाची चिठ्ठी टाकली, तर त्याचा निकाल बायका लावायच्या. त्याचे कपडे रस्त्यावर. त्याला घोटभर पाणी कुणी द्यायचं नाही. तो समोरून आला की सगळ्यांनी पाठ करायची. एका माणसाच्या बायकोने तर त्याचं ताट फोडलं होतं. कठोर वाटेल, पण आम्ही काय गमावून बसलो असतो ते आम्हाला माहीत होतं.

सन अठराशे अठ्ठ्याहत्तरची निवडणूक आली तोपर्यंत दिवस बिघडले होते. लाल सदरे घातलेले मालकांचे घोडेस्वार वाटेत पुरुषांना अडवायचे, खिसे चाचपायचे, आमच्या पक्षाच्या चिठ्ठ्या फाडायचे. म्हणून आम्ही बायकांनी युक्ती काढली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थनाघरात बसून आपापल्या पुरुषाच्या कोटाच्या अस्तरात चिठ्ठी शिवून टाकायची. आमच्या चिठ्ठ्या जाड कागदाच्या होत्या. अस्तरावरून हात फिरवला तर शिवणीसारख्या लागायच्या.

सगळ्या जणी पोत्याच्या पांढऱ्या दोऱ्याने शिवत होत्या. मिंडा मात्र आपल्या जुन्या रुमालातून निळा दोरा उसवून घेऊन बसली.

"काय गं मिंडा, लग्नाचा कोट आहे का?" कुणीतरी चिडवलं.

"निळ्याला भुतं भितात," ती म्हणाली. "उद्या चौरस्त्यावर लाल सदऱ्यांतली किती भुतं उभी असतील, बघ तू."

एनॉक काका मोठ्याने हसले. ते नदीपलीकडच्या वस्तीचे, आमच्या प्रार्थनाघराचे वडीलधारे. मतदानाच्या पेटीजवळ जे तिघं बसायचे त्यांतले दोन मालकांचे आणि तिसरे आमचे हे काका. ते म्हणाले, "मिंडा, तुझा नवरा पेटीशी आला की मी डोळे मिटूनही ओळखेन." तेव्हा आम्ही सगळे हसलो.

मिंडाने शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि कोटावर थाप मारली. "टायटस, माझं मत तुझ्या कोटात आहे. सांभाळून ने रे." त्याने मान हलवली. त्या आठवड्यात तो नेहमीपेक्षाही गप्प होता. आम्हाला वाटलं, माणूस आहे, भ्याला असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका चौरस्त्यावरच्या दुकानासमोर जमलो. मत दुकानात टाकायचं, आणि ओसरीवर मेजर खुर्ची टाकून बसलेला. आमचे पुरुष रिकाम्या हातांनी, छाती पुढे काढून आत जात होते. टायटसची पाळी आली. त्याने खिशातून मालकांच्या पक्षाची चिठ्ठी काढली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, लांबूनही ओळखू येणारी. ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरून तो मेजरच्या समोरून आत गेला. मेजरने मान डोलावली.

मी मिंडाकडे पाहिलं. ती वळून घराकडे निघालीही होती.

तो घरी आला तेव्हा मिंडा दारात उभी होती आणि त्याचे कपडे रस्त्यावर पडले होते. सगळी वस्ती गोळा झालेली. त्यात मेजरची स्वयंपाकीणही होती. तिच्या कानावर पडलं ते मेजरच्या जेवणाच्या टेबलावर जायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"टायटस, कोट दाखव," मिंडा म्हणाली.

त्याने कोट पुढे केला. अस्तर फाटून लोंबत होतं. आत काही नव्हतं.

"माझी शिवण कुठे आहे?"

"उसवली."

"कशाला उसवलीस?"

त्याने स्वयंपाकिणीकडे पाहिलं. मग घराच्या दाराकडे. मग हळूच म्हणाला, "मिंडा, आत चल. सांगतो."

"आत?" ती अशी ओरडली की नदीवरचे बगळे उडाले. "विकलंस चोरून आणि सांगणारही चोरून? माझ्या पाठीवरचे वळ या सगळ्यांनी पाहिलेत. बोलायचं ते इथे बोल, सगळ्यांसमोर!"

"आत चल गं," तो पुन्हा म्हणाला. "एकदा चल."

"ज्याने माझं मत विकलं त्याच्याबरोबर मी एका छपराखाली जात नाही. तुझी आई राहील. ती माझी आहे. तू चालता हो."

मग बायकांनी पाठी फिरवल्या. एकेक करून, अगदी म्हाताऱ्यांनीसुद्धा. टायटस आमच्या पाठींकडे बघत उभा राहिला असावा, कारण बराच वेळ त्याची पावलं वाजली नाहीत. मग त्याने कपडे गोळा केले. लवकरच कळलं की ज्या दगडांचं खत करतात ते काढायच्या खाणीवर तो गेला. आमच्याकडे ज्याचं काहीच उरत नाही तो तिकडे जायचा.

निकाल लागला तो मालकांच्या बाजूने. आमच्या चौरस्त्यावर आमचीच माणसं जास्त, तरी मालकांच्या बाजूने. मिंडा म्हणाली, "टायटससारखे असल्यावर दुसरं काय होणार." तिला बिचारीला तेवढंच दिसत होतं.

पुढच्या रविवारी एनॉक काका आले. मतमोजणी झाल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते, बायको सांगत होती ताप आहे. प्रार्थनाघरात बायकांनी टायटसच्या नावाने देवाकडे शिक्षा मागितली, ती ऐकून काका मध्येच उठले आणि सरळ मिंडाच्या घरी येऊन बसले. मी तिथेच होते. चवळी घातलेला भात शिजत होता.

"मिंडा, मोजणीचं तुम्हाला कुणी सांगितलं का?" त्यांनी विचारलं. "पेटी उघडली तर माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त. मालकांची एक घडी उलगडली की आतून पातळ कागदांची चळतच पडायची. एकेका माणसाने किती टाकल्या देव जाणे. कायदा म्हणतो, जास्तीच्या असतील तेवढ्या न बघता काढून जाळायच्या. तर मला म्हणाले, एनॉक, तूच काढ, तुझ्या लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे. माझे डोळे बांधले. मला वाटलं, बरं झालं, निदान हात तरी आपला आहे."

ते थांबले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"पोरी, पातळ कागद बोटांना लागतच नाहीत गं. निसटतात. आपल्या जाड चिठ्ठ्या तेवढ्या हाताला येत होत्या. मला कळत होतं मी काय काढतोय. मी म्हटलं, बस करा, तर ते म्हणाले, अजून आहेत, काढ. मी आपल्या माणसांची मतं माझ्या हाताने काढली. जी माणसं छाती काढून आत आली, त्यांची."

मी चुलीवरचा भात खाली उतरवला.

"आणि एक चिठ्ठी हाताला आली तिला दोरा होता. घाईने उपटल्यासारखा, लोंबता. मी ती काढून दिली, ती जाळलीही. पण दोरा माझ्या बोटाला गुंडाळून राहिला. डोळे सोडल्यावर पाहिलं."

त्यांनी मूठ उघडली. निळा दोरा होता.

मिंडा पुढे सरकली. मला वाटलं आता ती किंचाळेल, पण तिने तो दोरा उचलून आपल्या बोटाला गुंडाळला.

खाटेवरून हेगर म्हातारी बोलली. "मेजर दारात आला होता. तू खाचरात होतीस. टायटसला म्हणाला, माझी चिठ्ठी तुझ्या हातात मला दिसली पाहिजे. नाही दिसली तर सूर्य बुडायच्या आत तुझ्या आईची खाट रस्त्यावर. मी ऐकलं सगळं. मला वाटलं, पोराने माझ्यापायी खरंच विकलं. त्या लाजेने मी गप्प राहिले गं. बाहेर तू ओरडत होतीस, तो आत चल म्हणत होता, आणि मी इथे पडून ऐकत होते."

"मला आधी का नाही सांगितलं त्याने?" मिंडा कुजबुजली.

"तुला?" म्हातारी म्हणाली. "तू पोटात ठेवलं असतंस?"

मेजरची चिठ्ठी हातात मिरवत आत जाऊन त्याने पेटीत आपलीच टाकली, मेजरलाच फसवलं होतं, हे कळल्यावर मिंडा ते साऱ्या नदीकाठाला ओरडून सांगितल्याशिवाय राहिली नसती. तिलाही ते ठाऊक होतं. आणि तिने आत्ता तोंड उघडलं, तरी खाट रस्त्यावर जाणारच होती. हेगर म्हणाली, "मला कुठेही टाका, पण पोराला आणा."

"तुम्हाला टाकायचं असतं आई, तर त्याने हे केलं कशाला?" मिंडा म्हणाली आणि मग रडली. तोंडात डोक्याच्या रुमालाचा बोळा कोंबून रडली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

आम्ही दोघी टोपल्या विकायच्या निमित्ताने होडीने खाणीवर गेलो. टायटस चिखलाच्या खड्ड्यातून वर आला, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. मिंडाने त्याच्यासमोर तो दोरा धरला. त्याने बघितलं आणि हसला. इतक्या दिवसांनी त्याला हसू आलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

"मिळाला म्हणजे चिठ्ठी पेटीत पडली होती," तो म्हणाला. "पेटीत पडली ना?"

"पडली," मिंडा म्हणाली. ती जळल्याचं तिने त्याला सांगितलं नाही. त्याला ते कधीच कळलं नाही असं मी धरून चालते. "चल घरी."

"कसा येऊ?"

"मी सांगते लोकांना, मी माफ केलं म्हणून."

"मिंडा, तू आणि माफ?" तो म्हणाला. "मालकांना मत देणाऱ्याला तू घरात घेतलंस असं कुणाला तरी पटेल का? तू मला घेतलंस, की त्याच दिवशी वाडीला कळेल मी मत विकलेलं नाही. मेजरलाही कळेल. तू कशी आहेस ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावरच तर आईची खाट टिकलीय."

मिंडाने त्याच्या बाहीवरचा चिखल पुसला.

"आई आहे तोवर गप्प राहा," तो म्हणाला. "मी इथे बरा आहे. नंतर बोलाव, येईन."

मिंडाने त्याच्या अंगातला कोट मागून घेतला. डोक्याच्या रुमालातली सुई काढली आणि तिथेच दगडांच्या ढिगावर बसून त्याच निळ्या दोऱ्याने फाटलेलं अस्तर जोडून दिलं. दोरा पुरला नाही, एका बाजूला थोडं उघडं राहिलं. ती म्हणाली, "राहू दे. पुढच्या मताची चिठ्ठी घालायला तेवढी जागा लागेल. आलास की शिवून देईन."

मग ती वर्षं सुरू झाली. मिंडाने हेगरचं इतकं केलं की पोटच्या पोरीने केलं नसतं. भात मऊ करून भरवायचा, कोळंबी सोलून द्यायची, कूस बदलायची. आणि ज्या दिवशी म्हातारीचा श्वास लागायचा त्या दिवशी ती सैरभैर व्हायची. म्हातारी जगावी असं तिला मनापासून वाटायचं आणि म्हातारी गेल्याशिवाय नवरा घरी येणार नव्हता. एकदा ती मला म्हणाली, "सेली, मी तिला घास भरवते तेव्हा माझा हात कुणाचा असतो मला कळत नाही."

वस्तीत तर तिचा मान वाढला. नव्या सुनांना म्हाताऱ्या सांगायच्या, मिंडासारखं खमकं राहावं, नवऱ्याचीही भीड ठेवली नाही. विहिरीवर एखादी विचारायची, "काय मिंडाताई, आपला विकाऊ माल काय म्हणतोय?" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मिंडा घागर उचलून चालायला लागायची. घागर तिच्या डोक्यावर कधी डचमळली नाही. मला मात्र त्या बायांच्या झिंज्या धराव्याशा वाटायच्या, आणि मलाही तोंड उघडायची सोय नव्हती.

दरम्यान मालकांच्या सरकारने नवा कायदा केला. सगळ्यांनी पुन्हा नावं नोंदवायची. राहण्याची जागा बदलली असेल तर नवा दाखला आणायचा. एकाऐवजी आठ पेट्या, प्रत्येकीवर वेगळ्या पदाचं नाव लिहिलेलं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने चिठ्ठी भलत्या पेटीत टाकली की ती गेली. त्या पेट्यांच्या जागाही दिवसभर बदलत राहायच्या. त्या निवडणुकीत आमच्यातली कितीतरी माणसं दारातून परत फिरली. प्रार्थनाघरात शिवायला बसणाऱ्या बायका कमी झाल्या. आमचा सुतार न्यायाधीश केव्हाच जाऊन तिथे मेजरचा पुतण्या बसला होता, आणि बर्ड त्याच्यासमोर टोपी घालूनच बसायचा.

त्याच हिवाळ्यात हेगर गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती. मिंडाचा हात धरून म्हणाली, "जा, आता ओरड."

म्हातारीला मातीत ठेवलं, आणि लोक वळायच्या आत मिंडा मातीच्या ढिगावर चढून उभी राहिली. तो जुना आवाज तिने पोटातून काढला. सगळं सांगितलं. मेजर, खाट, पातळ चिठ्ठी, जाड चिठ्ठी, निळा दोरा. मेजरची स्वयंपाकीण समोर उभी होती, तिच्याकडे बघून सांगितलं. एनॉक काका काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "खरं आहे. या हाताने मी ती काढली." विहिरीवर हसणाऱ्या बायका ओंजळीत तोंड घालून रडायला लागल्या. मिंडा त्यांच्यावर ओरडली, "रडू नका! तो यायचाय. तोंडं धुवा आणि रस्त्यावर उभ्या राहा. या वेळी तोंड करून उभ्या राहा!"

चार पुरुष होडी घेऊन खाणीवर गेले. आम्ही कोंबडी कापली, भेंडीची आमटी केली. ज्या ठिकाणी पाठी फिरवल्या होत्या त्याच ठिकाणी सगळ्या जणी धक्क्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. मिंडाने डोक्याला धुतलेला रुमाल बांधला होता, आणि सुईत निळा दोरा ओवून तो रुमालात खोचला होता.

होडी आली. टायटस तिच्यात नव्हता. खाणीवरचा एक अनोळखी माणूस कोट हातात घेऊन उतरला.

तो म्हणाला, गेल्या महिन्यात खड्ड्याची कड ढासळली. टायटस खाली होता. त्याचं घर कुठलं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून निरोप कुठे द्यायचा ते कळलं नाही. तिथेच पुरला.

मिंडाने कोट घेतला. अस्तरावरून हात फिरवला आणि थांबली. जी बाजू तिने उघडी सोडली होती तिथे पांढऱ्या दोऱ्याचे मोठमोठे, वेडेवाकडे टाके होते. पुरुषाच्या हातचे. आत जाड कागद होता.

"मतदानाच्या आदल्या दिवशी शिवत बसला होता," तो माणूस म्हणाला. "आम्ही चेष्टा केली, अरे, इथे कोण अडवतोय, खिशात ठेव. म्हणाला, आमच्यात शिवून नेतात. मतदानाच्या खिडकीशी गेला तर तिथले म्हणाले, तुझं नाव तुझ्या गावात. इथला दाखला कुठे आहे? परत पाठवलं. आम्ही म्हटलं, उसव आता, टाकून दे. तर म्हणाला, उसवायला माणूस घरी आहे."

मिंडाने रुमालातली सुई काढली. क्षणभर मला वाटलं ती शिवण उसवणार. तिने सुई परत खोचली, कोट छातीशी धरला आणि आमच्या दोन रांगांमधून घराकडे चालायला लागली. आम्ही सगळ्या तोंड करून उभ्या होतो. कोटाकडे. तिने तेवढं सांगितलंच होतं.

मेजरने तिला वाडीतून काढलंच. ती माझ्याकडे येऊन राहिली. पुढची निवडणूक आली तेव्हा कोट हातावर टाकून ती चौरस्त्यावरच्या दुकानाकडे निघाली. मी पाठोपाठ गेले. आत खिडकीशी मेजरचा पुतण्याच बसला होता.

"काय गं मावशी, कोट विकायचाय?" त्याने विचारलं. बाकीचे हसले.

"यात माझ्या नवऱ्याचं मत आहे," मिंडा म्हणाली. अगदी हळू, मीसुद्धा जेमतेम ऐकलं. "एकदा तुम्ही जाळलंत, एकदा परत पाठवलंत. आज मी घेऊन आले."

"बायकांना मत नाही. मेलेल्यांनाही नाही. चल, हो पुढे."

ती गेली नाही. पेट्या उचलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली, आणि आत बसलेला तो माणूस तिच्यासमोर दिवसभर टोपी घालून बसला होता.

घरी परतताना ती मला म्हणाली, "सेली, त्याने आत चल म्हटलं होतं गं. एकदा गेले असते तर काय झालं असतं?"